‘तो काही करत नाही’: डोंगरवाटेवरचा कुत्रा आणि वाटेचा रिवाज

भाकरी थापून झाल्या असतील तर निवांत बसून ऐका, नसतील तर थापता थापता ऐका. आज आपण कुत्र्यांविषयी बोलणार आहोत. हसू नका. ज्यांचं गाव गडाच्या पायथ्याला आहे, ज्यांच्या दारावरून शनिवार-रविवारी पाठीवर पिशव्या लावलेली पोरं-पोरी डोंगरावर जातात, त्यांना हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही हे ठाऊक आहे. आमच्या गटाला तो कसा कळला, तिथून सुरुवात करतो.

नवरात्र होऊन आठ-दहा दिवस झाले होते. गवत पिकलं होतं, कापणी चालू होती. आमच्या गटातल्या एक काकू, वय साठीच्या आसपास, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर गवताचा भारा, अशा डोंगरावरून खाली येत होत्या. वाटेत एक अरुंद जागा आहे. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला उतार. तिथं खालून एक भलामोठा कुत्रा धावत आला. गळ्यात छान पट्टा होता, पण पट्ट्याला दोरी नव्हती. मालक वीस-तीस पावलं मागं. त्यानं तिथूनच ओरडून सांगितलं, “घाबरू नका मावशी, तो काही करत नाही!”

आणि खरंच, कुत्र्यानं काही केलं नाही. चावला नाही, गुरगुरला नाही. त्यानं फक्त पुढचे दोन पाय काकूंच्या कमरेवर टेकवले आणि हुंगायला लागला. काकू दचकल्या, भारा कलला, पाय घसरला. हात टेकवायला गेल्या आणि मनगट मोडलं. ऐन भातकापणीत सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. सगळं काम एकट्या सुनेवर आलं. दोन दिवस मजूर लावावा लागला, त्याचे पैसे गटातून कर्जानं काढले.

तो मालक वाईट माणूस नव्हता. त्यानं जीप करून काकूंना दवाखान्यात नेलं, पैसे दिले. पण शेवटपर्यंत तो एकच वाक्य म्हणत राहिला, “त्यानं काही केलं नाही हो.”

मासिक बैठकीत हाच विषय निघाला. बायका चिडल्या होत्या. कुणी म्हणालं, पाहुण्यांच्या कुत्र्यांना गावबंदी करा. कुणी म्हणालं, काठीच घेऊन बसू. तेवढ्यात आमच्यातल्या एक जाणत्या आजी म्हणाल्या, “ते राहू द्या. आधी आपल्या मोत्याचं काय ते बोला.” सगळ्या गप्प झाल्या. कारण त्याच्या आदल्याच आठवड्यात आमच्या वाडीतला मोत्या एका शहरातल्या लहान मुलीच्या मागं भुंकत धावला होता. ती पोर पळाली, पडली, गुडघे फुटले. आणि तेव्हा आम्हीसुद्धा तिच्या आईला हेच म्हणालो होतो, “अहो, तो काही करत नाही.”

त्या दिवसापासून आम्ही या वाक्याचा विचार करायला लागलो. जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो.

वाट कुणाची?

पूर्वी डोंगरवाटेवर आपलीच माणसं असायची. गुराखी, लाकूडफाट्याला जाणाऱ्या बाया, देवीला जाणारे भाविक. आता चित्र बदललंय. राजगडाच्या पायथ्याचं गुंजवणे घ्या, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं पाचनई घ्या, नाहीतर कळसूबाईच्या पायथ्याचं बारी घ्या. कळसूबाई हे आपल्या महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. माथ्यावर देवीचं देऊळ आहे, नवरात्रात आजूबाजूच्या गावांतल्या बाया दर्शनाला चढतात. त्याच वाटेवर, त्याच लोखंडी शिड्यांवर, सुट्टीच्या दिवशी मुंबई-पुणे-नाशिकची माणसं रांगा लावतात. भंडारदऱ्याच्या बाजूला पावसाच्या तोंडावर काजवे बघायला तर रात्री-अपरात्री गर्दी.

हे पाहुणे आल्यानं आपल्यातल्या किती घरांची चूल पेटते, हे आपल्याला माहीत आहे. पिठलं-भाकरी, चहा, मुक्कामाची सोय, वाटाड्याचं काम. तेव्हा ते नकोत असं आम्ही म्हणत नाही. वाट त्यांचीही आहे. पण एक फरक लक्षात घ्यायला हवा. पाहुणा हौसेनं वर जातो. त्याला भीती वाटली, पाय दुखला, तर तो माघारी वळू शकतो. आपल्या बाईला पोटासाठी जायचं असतं. तिच्या डोक्यावर भारा असतो, कडेवर लेकरू असतं, पुढं शेळ्या असतात. वाटेत कुत्रा आहे म्हणून तिला उद्यावर टाकता येत नाही. म्हणून ज्याला पर्याय आहे त्यानं, ज्याला पर्याय नाही त्याला वाट द्यावी. आमच्या मते डोंगरवाटेचा सगळा रिवाज एवढ्यातच आला.

डोंगर चढणाऱ्या लोकांमध्येही एक जुनी रीत आहे. उतरणाऱ्यानं थांबायचं आणि चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. चढणाऱ्याचा दम लागलेला असतो, मध्येच थांबलं की लय मोडते, आणि मान खाली असल्यानं त्याला पुढचं फार दिसत नाही. ही रीत चांगलीच आहे. पण आपल्या वाटेवर तिच्याही वर एक रीत हवी. डोक्यावर किंवा पाठीवर ओझं असलेल्याला सगळ्यांत आधी वाट, मग तो चढत असो की उतरत असो. डोक्यावर भारा असला की मान वाकवता येत नाही. पायाखालचा दगड दिसत नाही, तर पायाशी आलेला कुत्रा कुठून दिसणार?

‘काही करत नाही’ हे कुणाला माहीत?

आता त्या वाक्याकडे येऊ. ‘तो काही करत नाही’ हे मालकाला माहीत असतं. समोरच्या बाईला माहीत नसतं. कदाचित तिला लहानपणी कुत्रा चावलेला असेल. तिच्या घरात कुणी पिसाळलेल्या कुत्र्यानं गेलेलं असेल. तिची भीती खोटी नाही. मालकानं लांबून ओरडून ती जात नाही.

दुसरं असं की मालकाला जे माहीत असतं, ते घरातल्या कुत्र्याविषयी. डोंगरावरचा कुत्रा वेगळा वागतो. नवा मुलूख, नवे वास, माकडं, शेळ्या, दुसऱ्या गावची कुत्री. शहरातल्या कुत्र्यानं डोक्यावर भारा घेतलेलं माणूस कधी पाहिलेलं नसतं. त्याला ते माणूस वाटतच नाही, काहीतरी मोठं, हलणारं, अनोळखी वाटतं. घोंगडी पांघरलेला, हातात काठी घेतलेला म्हातारा पाहूनही शांत कुत्री बिथरतात. उन्हानं तापलेला, दमलेला कुत्रा तर आणखी चिडका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ काढून धापा टाकतो तेवढाच त्याचा गारवा. चैत्र-वैशाखात तापलेल्या कातळावरून त्याला चालवणं म्हणजे त्याचेही हाल.

कुत्रा काय सांगतोय हे त्याच्या अंगावरून ओळखता येतं. शेपूट हलतेय म्हणजे लाडात आला, असं आपण समजतो. ते दर वेळी खरं नसतं. सगळं अंग सैल आहे, कमरेपासून डुलतोय, तर तो खुशीत. पण शेपूट ताठ उभी करून थोडीशीच थरथरवतोय, मानेवरचे केस उभे आहेत, अंग एकदम थिजल्यासारखं झालंय, नजर रोखलीय, ओठ वर गेलेत, तर ती सूचना आहे. कान मागं चिकटवून, शेपूट पायांत घालून कोपऱ्यात गेलेला कुत्राही चावू शकतो. तो भ्यालेला असतो.

असा कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही. पळालं की त्याला पाठलाग सुचतो. दगड उचलून मारायचा नाही. जागच्या जागी, थोडं आडवं वळून, झाडासारखं उभं राहायचं. हात अंगाशी. डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत. हातात काठी, पिशवी, छत्री असेल तर ती उगारायची नाही, आपल्या आणि त्याच्या मध्ये धरायची. डोक्यावर भारा असेल तर उताराच्या बाजूला टाकून द्या. गवत परत गोळा करता येतं. त्याचा जोर ओसरला की पाठ न दाखवता हळूहळू मागं सरकायचं. खाली पडलोच तर गुडघे पोटाशी घेऊन, हात मानेवर आणि कानांवर धरून गप्प पडून राहायचं. हे लेकरांना खेळासारखं शिकवा. आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी ‘झाड व्हा’ असा खेळच केलाय.

पाहुण्यांना काय सांगायचं?

बैठकीनंतर आम्ही एक यादी केली. जेवायला येणाऱ्या, वाटाड्या मागणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती सांगतो. कुत्रा सोबत असेल तर चहाच्या पहिल्या घोटाबरोबरच सांगतो.

पहिली गोष्ट, पट्ट्याला दोरी हवी आणि ती हातात हवी. दोरी आखूड धरायची, कुत्रा गुडघ्याजवळ राहील एवढी. लांब सोडलेली दोरी माणसाच्या पायात अडकते.

दुसरी, समोरून माणूस दिसलं की कुत्रा घेऊन बाजूला व्हायचं. डोंगराच्या अंगाला, खडकाला टेकून उभं राहायचं. कुत्रा आतल्या बाजूला, मालक मध्ये, आणि येणाऱ्याला मोकळी वाट. माणूस पुढं निघून जाईपर्यंत थांबायचं.

तिसरी, विचारायचं. ‘तो काही करत नाही’ असं सांगण्याऐवजी ‘मावशी, कुत्रा आहे, थांबतो मी, तुम्ही या’ एवढं म्हणायचं. वळणावर किंवा झाडीत समोरचं दिसत नाही, तिथं आधी हाक द्यायची.

चौथी, शेळ्या-मेंढ्या, गुरं दिसली की लांबूनच गुराख्याला हाक मारायची आणि वळसा घालून जायचं. कुत्रा मागं लागला की शेळ्या वाट फुटेल तिकडे उधळतात. एखादी कड्यावरून जाते, गाभण असेल तर गाभडते. ज्या घरात चारच शेळ्या आहेत त्या घराचं हे वर्षाचं नुकसान. दिवाळीच्या पुढे मेंढपाळांचे वाडे घाटावरून कोकणाकडे उतरतात, तेव्हा त्यांच्यासोबतची कुत्री राखणीवर असतात. त्यांना पाहुण्याचा कुत्रा म्हणजे चोरच वाटतो. तिथं चूक त्या राखणदाराची धरायची नाही.

पाचवी, पाण्याची टाकी. गडावरच्या टाक्यांतलं पाणी माणसं पितात. कुत्र्याला त्यात उतरवायचं नाही. त्याच्यासाठी वेगळं भांडं आणि पाणी घरूनच आणायचं.

सहावी, कुत्र्याची घाण. ती पिशवीत भरून परत न्यायची. वाटेवर नाही, पाण्याच्या वरच्या अंगाला तर नाहीच. पिशवी भरून झाडाला टांगून जाणारेही आम्ही पाहिलेत. तेही नको.

सातवी, शिडी आणि कातळटप्पा. तिथं कुत्रा नेऊच नये असं आमचं म्हणणं. वर चढवलेला कुत्रा उतरताना घाबरतो, अडून बसतो, आणि मागं पन्नास माणसं खोळंबतात.

अजून एक. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हा परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे. अशा जंगलात पाळीव कुत्रा नेता येतो का, कुठवर नेता येतो, हे आधी वन विभागाच्या नाक्यावर विचारून घ्यायचं. भेकर, ससा, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, यांना मोकळा कुत्रा म्हणजे जिवावरचं संकट. कुत्र्यांचे रोगही जंगलात जातात. २०१८ साली गुजरातच्या गीरमध्ये बरेच सिंह दगावले, तेव्हा तपासणीत डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. हा रोग कुत्र्यांमध्येही होतो आणि त्यांच्यासाठी त्याची लस मिळते.

आता आपल्या मोत्याचं

इथवर ऐकून तुम्हाला बरं वाटलं असेल. आता आपली पाळी.

गावातली कुत्री पाहुण्यांच्या मागं गडावर का जातात? बिस्किटांसाठी. पाहुण्यांनाही बरं वाटतं, फोटो निघतात, ‘वाटाड्या कुत्रा’ म्हणून कौतुक होतं. कुत्र्यानं माणसाची सोबत करणं आपल्याला नवीन नाही. पांडव हिमालयात निघाले तेव्हा धर्मराजाच्या मागं शेवटपर्यंत चालला तो कुत्राच. खंडोबाच्या सोबत कुत्रा, दत्तगुरूंच्या पायाशी कुत्री. नामदेव महाराज तर भाकर पळवणाऱ्या कुत्र्याच्या मागं तुपाची वाटी घेऊन धावले. कुत्र्याला हाकलून द्या असं आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, आणि आम्हीही ते सांगत नाही.

पण त्या कुत्र्याचं पुढं काय होतं ते पाहा. पाहुणे एका बाजूनं चढतात आणि दुसऱ्या बाजूनं उतरतात. खाली त्यांची गाडी उभी असते, ते बसून निघून जातात. कुत्रा परक्या गावात राहतो. तिथली कुत्री त्याला फाडतात. आमच्या वाडीतला एक काळा कुत्रा असाच गेला आणि पुन्हा आला नाही. घरातली पोरं चार दिवस वाट बघत बसली. कुणी अंधार पडल्यावर एकटा परत येतो, आणि वाटेत बिबट्या असतो. आमच्या अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा तपासून तो काय खातो ते पाहिलं होतं. त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, शंभरात सुमारे ३९. म्हणजे मोकळी कुत्री वाढली की बिबट्याला घराजवळ यायचं आमंत्रणच.

वाटेवर खायला मिळायची सवय लागली की कुत्रं मागतं, मग अंगावर उडी घेतं, मग पिशवी ओढतं. ज्याच्याकडे बिस्किट नाही त्याच्यावर भुंकतं. त्या लहान मुलीच्या हातात बिस्किटाचा पुडाच होता. म्हणजे मोत्याला ती खोड लावणारे पाहुणे आणि मोकळा सोडणारे आपण, दोघंही त्यात आलो.

म्हणून आम्ही चार गोष्टी ठरवल्या. शनिवार-रविवारी सकाळी पाहुणे चढून जाईपर्यंत आपापली कुत्री बांधायची, सावलीत आणि पाण्याजवळ. त्यांना दोन वेळा घरचं पोटभर घालायचं, म्हणजे ती वाटेवर जात नाहीत. पाहुण्यांना सांगायचं की कुत्र्यांना वाटेत खायला देऊ नका. चॉकलेट, कांदा, मनुका हे तर कुत्र्याला विषच. आणि कुत्रं मागं लागलंच तर गावाच्या वेशीवरून परत पाठवा, नाहीतर आम्हाला हाक मारा.

जंताचं आणि पिसाळण्याचं

आता आरोग्याचं. इथं नीट कान द्या.

जत्रेत, सणाला बकरं कापलं की आतडी-काळीज, टाकाऊ भाग आपण कुत्र्यांना फेकतो. त्या भागात कधी कधी पाण्यानं भरलेल्या गाठी असतात. ते कच्चं खाल्लं की कुत्र्याच्या पोटात एक बारीक जंत वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, पाण्यात, भाजीवर, मातीत मिसळतात. तिथून ती आपल्या लेकरांच्या पोटात जातात. मग काळजात किंवा फुप्फुसात पाण्याची गाठ तयार होते. कित्येक वर्षं कळतही नाही, आणि कळतं तेव्हा शस्त्रक्रियेची पाळी येते. उपाय साधे आहेत. कच्चे टाकाऊ भाग कुत्र्याला द्यायचे नाहीत, खोल पुरायचे. पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारून कुत्र्याला जंताचं औषध द्यायचं. कुत्र्याला हात लावल्यावर आणि भाजी निवडण्याआधी हात साबणानं धुवायचे.

आणि रेबीज. पिसाळलेला कुत्रा म्हणतात तो. या रोगाची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही. पण वेळेवर उपचार घेतले तर रोग टाळता येतो. कुत्रा चावला, त्याचा ओरखडा उठला, किंवा जखमेवर त्यानं चाटलं, तर पहिलं काम म्हणजे वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून १५ मिनिटं. डोंगरावर असाल तर पिण्याचं पाणी वापरा, साबणाचा तुकडा पिशवीत ठेवा. हळद, चुना, मिरची, तेल, तंबाखू काही भरायचं नाही. घट्ट पट्टी बांधायची नाही. कुणाकडे उतारा घ्यायला वेळ घालवायचा नाही.

मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. लस तिथं मोफत मिळते. पोटातल्या चौदा सुयांचे दिवस आता गेले. आता दंडाच्या कातडीत लहान सुया देतात. पहिल्या सुईचा दिवस शून्य धरतात, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त निघालं असेल तर जखमेत आणखी एक औषध टोचतात, त्याला सीरम म्हणतात. ते विचारून घ्या. एकही तारीख चुकवू नका. गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही ही लस चालते, ती टाळायची नाही. कुत्रा दहा दिवस डोळ्यांखाली ठेवा असं सांगतात ते बरोबर आहे, पण तोवर लस थांबवायची नाही. कुत्रा घरचा आहे, ओळखीचा आहे, असं म्हणून बसू नका.

कुत्र्याला मात्र आधीच टोचायचं. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, साधारण महिन्यानं दुसरी, पुढं दर वर्षी एक. आम्ही पशुवैद्यकीय दवाखान्यात गटाच्या नावानं अर्ज दिला. डॉक्टर वाडीत आले आणि एका सकाळी सगळी कुत्री टोचून झाली. ज्यांना लस दिली त्यांच्या गळ्यात लाल दोरा बांधला. तुम्हाला दिवस ठरवायचा असेल तर २८ सप्टेंबर सोयीचा आहे. तो जगभर रेबीज दिन म्हणून पाळतात. ही लस शोधणारे लुई पाश्चर त्या तारखेला वारले. त्यांनी १८८५ साली कुत्रा चावलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ही लस टोचली होती, आणि तो मुलगा वाचला.

सांगायचं कसं?

हे सगळं पाहुण्याला सांगायचं म्हणजे भांडण होईल, अशी आमच्यातल्या पुष्कळ जणींना धास्ती होती. गिऱ्हाईक तुटेल, दुसऱ्या वाडीत जेवायला जाईल. तसं झालं नाही. कारण आम्ही आधी आपली बाजू सांगतो. ‘दादा, आमची कुत्री आम्ही बांधलीत, त्यांना लस दिलीय. तुमचाही जरा दोरीला धरा. वर बाया भारे घेऊन उतरतायत.’ असं म्हटलं की बहुतेक जण ऐकतात. ज्याची दोरी घरी राहिलीय त्याच्यासाठी आम्ही चहाच्या टपरीवर दाव्याचे दोन तुकडे अडकवून ठेवलेत. परत येताना देऊन जातात.

ग्रामसभेत ठराव करून वाटेच्या तोंडाला पाटीही लावली. त्यावर एवढंच आहे: ‘ही आमची रोजची वाट आहे. कुत्रा दोरीला धरा. ओझंवाल्याला आधी वाट द्या. टाक्यात कुत्रा उतरवू नका. आमची कुत्री बिस्किटांवर वाढवू नका.’

कुणी अगदीच ऐकत नसेल तर कायदाही आहे हे माहीत असू द्या. आपल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची खबरदारी मालकानं घ्यायची असते. जाणूनबुजून किंवा हयगयीनं ती घेतली नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे कलम शहरातल्या मालकाला लागू आहे तसं आपल्यालाही आहे, हे विसरायचं नाही.

काकूंचा हात आता बरा आहे. पूर्वीइतका जोर नाही, मोठा हंडा एका हातानं उचलत नाही, पण गवताला जातात. मध्यंतरी त्या भारा घेऊन उतरत होत्या. त्याच अरुंद जागी एक मुलगी कुत्र्याला गुडघ्यांत धरून खडकाला टेकून बसली होती. म्हणाली, “या काकू, तुम्ही आधी.” काकू थांबल्या नाहीत, भारा होता ना. खाली येऊन मात्र आम्हाला सांगितलं, “कुत्रं चांगलं होतं गं. पोरीनं धरलं होतं म्हणून मला नीट बघता आलं.”

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या मासिक बैठकीत तीन गोष्टी विचारा. आपल्या वाडीत कुत्री किती आणि त्यांतल्या किती जणांना लस दिलीय? आपल्या वाटेवर अरुंद जागा कुठल्या? आणि पाहुण्याला पहिलं वाक्य कोण सांगणार? तीन्हींची उत्तरं वहीत लिहा. लस देऊन घ्यायला आणि पाटी लावायला तिथूनच सुरुवात होईल.

आज एवढंच. शेळ्या बांधा, कुत्र्याला भाकरी घाला, आणि काळजी घ्या. रामराम.